उलट्या फेऱ्या

मेंढी एका जागी गोल फिरायला लागली की आम्ही गुरांचे डॉक्टर पहिला प्रश्न एकच विचारतो: मुरघास कसला घातलास? बुरशी धरलेल्या मुरघासातले, म्हणजे दाबून आंबवलेल्या ओल्या चाऱ्यातले, जंतू मेंढीच्या मेंदूत शिरतात. तिचा एक कान लोंबतो, तोंडातून लाळ गळते आणि ती एकाच बाजूला वळत राहते. भिंत आडवी आली तर भिंतीला डोकं टेकून उभी राहते. मीथ परगण्याच्या या कोपऱ्यात मी तीसेक वर्षं हेच काम करतेय, आणि दर हिवाळ्यात अशा मेंढ्या बघते. पेनिसिलिन वेळेवर मिळालं तर काही वाचतात, बाकीच्या मरतात. त्यात गूढ बिढ काही नसतं.

म्हणून डिसेंबरात माझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी वैतागले. फेलिम फोन करतो तो तक्रार करायलाच. आईवडिलांचं शेत त्याच्याकडे आहे, म्हातारीच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. त्यानं लग्न केलं नाही. रोज भांडायची तयारी असलेली बाई त्याला मिळाली नाही, असं माझा नवरा एन्डा म्हणतो.

"मेंढ्या फिरतायत," फेलिम म्हणाला. "तुझी औषधं घेऊन ये, डॉक्टरीणबाई. नवरा घरीच ठेव."

मी गेले. गोठ्यात चार मेंढ्या डावीकडे फिरत होत्या. मी मुरघासाचं विचारलं तर त्यानं मला वेड्यात काढलं. त्या वर्षी त्यानं मुरघास केलाच नव्हता. उन्हाळा कोरडा गेला होता, सगळं गवत छान वाळलं होतं. मी गव्हाणीत हात घालून वास घेतला. गवत स्वच्छ होतं. मेंढ्यांचे कान ताठ, लाळ नाही, ताप नाही. तरी मी इंजेक्शनं दिली. काहीतरी टोचल्याशिवाय डॉक्टरला चैन पडत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. आजारी मेंढी झोकांड्या खात फिरते. या चौघी निवांत चालत होत्या, एकीमागे एक. फेरी लहान लहान होत मध्यापर्यंत यायची, तिथे वळायची आणि परत मोठी मोठी होत जायची. आठवड्याभरात दोघी मेल्या. त्यांची डोकी मी प्रयोगशाळेत पाठवली. मेंदूत जंतू सापडले नाहीत, सूज नाही, काहीच नाही. फेलिमनं हे ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे तुझ्या शिक्षणावर बाबांनी पैसे वाया घालवले.

आता त्या दगडाबद्दल सांगायला हवं. माझ्या अगदी जिवावर आलंय, कारण या विषयावर आमच्याकडे जो उठतो तो बोलतो.

फेलिमच्या वरच्या शेतात कमरेएवढा एक दगड उभा आहे. त्यावर तीन वेटोळी कोरलेली आहेत, तिन्ही एकाच रेघेची. बाहेरच्या टोकाला बोट ठेवून निघालात की बोट आत जातं, मध्यातून परत फिरतं, दुसऱ्या वेटोळ्यात शिरतं, मग तिसऱ्यात, आणि आपण होऊन उचलल्याशिवाय त्याला थांबायला जागा सापडत नाही. ओल्डकॅसलच्या दुकानात हीच खूण चांदीच्या लोलकांवर आणि चहाच्या कपांवर मिळते, खाली 'केल्टिक' असं लिहिलेलं. केल्ट लोकांनी हे बेट बघायच्या दोन-अडीच हजार वर्षं आधी कुणीतरी गारगोटीनं ठोकून ठोकून ती काढली होती, पण हे सांगितलं तर कप खपत नाहीत. अर्थ म्हणाल तर हवे तितके. कुणी म्हणतं जमीन, समुद्र आणि आकाश. कुणी म्हणतं कुमारी, आई आणि म्हातारी. आमचे फादर म्हणतात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. विद्यापीठातले लोक येतात, कागद लावून ठसा घेतात, भिंतीवर बसून सँडविच खातात आणि जातात. खरं तर कुणालाच काही माहीत नाही.

आम्हाला ठाऊक आहे ते एवढंच: नोव्हेंबरात संत लासरच्या रविवारी सगळ्या गावानं जपमाळ म्हणत त्या दगडाभोवती फेऱ्या घालायच्या. उजवा हात दगडाकडे, सूर्य जातो त्या दिशेनं. उलट्या फेऱ्या घालत नाहीत. कुणाचं वाईट चिंतायचं असेल तरच तशा घालतात, आणि तसं करणाऱ्यांची नावं पूर्वी हळू आवाजात घ्यायचे.

त्या शेतात जायला भिंत ओलांडायच्या दगडी पायऱ्या होत्या, पूर्वेच्या बाजूला. आदल्या वर्षी तिथे एक बाई घसरली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिनं फेलिमवर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. झालं! फेलिमनं पायऱ्यांवर धोंडे रचले, वर काटेरी तार ओढली आणि माझ्या जमिनीत पाय ठेवाल तर कुत्रा सोडीन, असं चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं. फेऱ्यांच्या समितीची प्रमुख बर्नी गिल्सेनन. पोस्टातून निवृत्त झालेली बाई, हरणारी नव्हे. रस्त्यापासून दगडाभोवती जाणारी एक पट्टी सरकारी होती; तिच्यातून, पश्चिमेकडून, तिनं नवा उतार बांधून घेतला, लोखंडी कठड्यासकट. विमा कंपनीनं अट घातली की माणसं एका बाजूनं यावीत आणि दुसऱ्या बाजूनं जावीत, समोरासमोर धक्काबुक्की नको. उतार जिथे लागत होता तिथून ते एकाच रीतीनं जमत होतं. बर्नीनं पिवळे बाण लावले. बाण लोकांना दगडाभोवती उलटे फिरवत होते.

एका म्हाताऱ्यानं तिला तसं बोलूनही दाखवलं. बर्नी त्याला म्हणाली, देव काय ट्रॅफिक पोलीस आहे का? त्यावर लोक हसले, आणि त्या नोव्हेंबरात सगळं गाव बाण दाखवत होते तसं चाललं.

मी तिथे नव्हते, केल्स गावाकडे एका अडलेल्या गाईपाशी होते. एन्डा गेला होता. फेलिम हाताची घडी घालून भिंतीपाशी उभा राहिला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला टोमणे मारत होता. एन्डाला तो सगळ्यांदेखत म्हणाला, "या, बायकोच्या जिवावर जेवणारे!" एन्डाची शाळेतली नोकरी त्याच वर्षी गेली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं बूटही काढले नाहीत.

"ओठांवर 'नमो मरिया'ची प्रार्थना आणि डोळ्यांसमोर तुझा भाऊ शेणखड्ड्यात बुडतोय," तो म्हणाला. "मी एकटाच नाही, डर्वला. सगळ्यांची तोंडं तशीच होती."

मी हसले होते. मलाही फेलिमचा तेवढाच राग होता.

मेंढ्यांनंतर कुत्रा. टॉस अंगणात साखळीला होता आणि खुंट्याभोवती डावीकडे फिरत होता. साखळी गुंडाळली जाऊन गळा आवळेपर्यंत फिरायचा, सोडवला की पुन्हा सुरू. कुत्र्याला हा रोग असा होत नाही. मी त्याच्या डोळ्यांत दिवा मारला, कान तपासले, रक्त घेतलं. रक्त ठणठणीत होतं.

नाताळच्या दिवशी मी जेवण घेऊन गेले. फेलिम चुलीपाशी होता आणि टेबल त्याच्या उजव्या हाताला, चार पावलांवर. "ये, बस," मी म्हटलं. तो डावीकडे वळला. कपाटाकडून, दाराकडून, खिडकीकडून सगळं घर फिरून टेबलापाशी आला, पण खुर्ची मागे टाकून पुढे गेला आणि पुन्हा कपाटाकडे वळला. मी चेष्टा समजले. मग त्याचा चेहरा बघितला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बसव मला," तो म्हणाला. "बोलू नकोस, नुसती धरून बसव."

पक्षाघात असणार, असं धरून मी त्याला इस्पितळात नेलं. डोक्याचे फोटो काढले, कानाच्या नळ्या तपासल्या, पायांची ताकद मोजली. सगळं व्यवस्थित निघालं. चक्कर थांबायच्या गोळ्या देऊन त्यांनी त्याला घरी पाठवलं. त्याला चक्कर येतच नव्हती.

जानेवारीत मी त्याच्याकडेच मुक्काम हलवला. खुर्चीत बसवलं तर आधी मान डावीकडे वळायची, मग खांदा, मग तो उठायचा. स्वयंपाकघरात, परसात, दिवसभर. अंगावर कोट चढवायचं भान त्याला नसायचं. चिखलात त्याचे बूट फाटले आणि तो तसाच मोज्यांवर फिरला. घास भरवायचा तर मला त्याच्याबरोबर चालावं लागायचं. माणूस नुसता गळत होता. जनावर किती दिवस टिकेल हे मला बघून कळतं, आणि माझा भाऊ वसंत ऋतू बघणार नव्हता. तो खडूस आहे, तिरसट आहे, पण लहानपणी शाळेच्या वाटेवर माझ्या अंगावर आलेल्या बैलापुढे तो उभा राहिला होता. मला तो हवा होता.

एका सकाळी कडक हिंव पडलं होतं, जमिनीवर गोठलेल्या दवाचा थर होता. थोडा वारा खावा म्हणून मी म्हातारीच्या डोंगरावर गेले. वरून आमचं शेत ताटात वाढल्यासारखं दिसतं. सगळं पांढरं होतं आणि त्यावर चाललेल्या पायांच्या काळ्या रेघा. गोठ्याच्या आवारात एक वेटोळं, मेंढ्यांचं. अंगणात एक, कुत्र्याचं. परसात एक, माझ्या भावाचं.

इथपर्यंत मी समजू शकते. पण ती तिन्ही एकाच रेघेची होती. मेंढ्यांची वाट फाटकाखालून निघून अंगणात कुत्र्याच्या वाटेला मिळत होती, आणि कुत्र्याची परसात फेलिमच्या. फाटक मी स्वतः लावून आले होते. कुत्रा साखळीला होता. मी खाली येऊन तपासलं. दोन वेटोळ्यांमधल्या जागेत हिंव दाबलं गेलं होतं, पण तिथे ठसे नव्हते. खुरांचे नाहीत, पंजांचे नाहीत, पावलांचे नाहीत.

मी गाडी काढली ती सरळ बर्नीकडे.

माझ्यासारख्या बाईनं हे असलं काही मागायचं म्हणजे लाजच. पण मी मागितलं. सगळ्यांना पूर्वेच्या पायऱ्यांवरून घेऊन या आणि एकदा सुलट फेऱ्या घाला, म्हटलं. बर्नीनं चहासुद्धा विचारला नाही. ती म्हणाली, तुझ्या भावानं माझ्या बहिणीला चोर म्हटलंय. खुबा मोडलेली बाई तिची बहीण, हे मी विसरलेच होते.

"त्याला चर्चमध्ये येऊन स्वतः माफी मागू दे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर, वेदीपाशी उभं राहून."

फेलिमला हे सांगितलं तेव्हा तो चालता चालता मला इतक्या शिव्या घालत गेला की मला जरा बरं वाटलं. अजून जीव होता त्याच्यात. शेवटी तो म्हणाला, ने.

रविवारच्या प्रार्थनेनंतर मी त्याला चर्चच्या मधल्या वाटेवर उभं केलं आणि हात सोडला. वेदी सरळ समोर होती. तो निघाला आणि डावीकडे बाकांत शिरला. माणसांच्या गुडघ्यांवरून, पर्सांवरून, भिंतीच्या कडेनं मागे जाऊन पुन्हा मधल्या वाटेवर आला. पुन्हा निघाला. पुन्हा तेच. मागून कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या वेळी तो एका पोराच्या पायावर पडला, उठला, आणि मग कुणी हसलं नाही. तो वेदीपर्यंत पोचलाच नाही. चालता चालताच बोलला.

"पायऱ्या मी उघडतो," तो म्हणाला. "माफी मागणार नाही. मी तुमच्यातल्या एकालाही माफ केलेलं नाही."

असं बोलायला नको होतं. पण लोक त्याच्या शब्दांकडे नाही, पायांकडे बघत होते. मोज्यांतून रक्त आलं होतं. बर्नीनं तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाली, येत्या रविवारी येतो आम्ही.

धोंडे मी आणि एन्डानं हलवले, तार कापली. एन्डाला यायचं नव्हतं. तो म्हणाला, मी त्या माणसासाठी एक पाऊल टाकणार नाही. आमचं त्यावरून जोरात भांडण झालं. मग मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

"तुझ्यासाठी चालतो," तो म्हणाला. "फक्त तुझ्यासाठी."

रविवारी दुपारी सगळे आले. नोव्हेंबरात आलेला एकही माणूस चुकला नाही, खुबा मोडलेली बाईसुद्धा काठी टेकत आली. पिवळे बाण उपटले होते. फेलिमला आम्ही दगडाजवळ खुर्चीत बसवलं आणि दोन पट्ट्यांनी बांधलं. मी त्याचे खांदे धरून उभी राहिले.

पूर्वेच्या पायऱ्यांवरून लोक उतरले. उजवा हात दगडाकडे. बर्नीनं जपमाळ सुरू केली.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. वारा पडला होता. चिखलात बुटांचा आवाज येत होता.

मग माझ्या हाताखालचा त्याचा खांदा सैल पडला. मान हळूहळू समोर आली. 

लोक फिरत राहिले. चेहरे मऊ झाले होते. एन्डा माझ्यासमोरून गेला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

"सोड," फेलिम म्हणाला.

मी पट्ट्या सोडल्या. तो उभा राहिला आणि सरळ चालत पायऱ्यांपर्यंत गेला. उजवीकडे वळला. परत आला. मी तिथेच चिखलात बसले आणि ढसाढसा रडले. बायकांनी मला उठवलं. खुबा मोडलेल्या बाईनं फेलिमपुढे हात केला आणि त्यानं तो हातात घेतला. त्यानं प्रत्येकाचा हात हातात घेतला, निरोप देताना, एकेकाच्या डोळ्यांत बघत. एन्डाचासुद्धा.

एक रात्र मी भावाजवळ राहावं असं ठरलं. एन्डा व्हॅन घेऊन घरी निघाला. उजेड कमी होत होता. गाड्यांची रांग लागली होती.

मी अंडी फोडली, डुकराचं मटण तव्यावर टाकलं. फेलिम टेबलाशी सरळ बसून जेवला, ताट पावानं पुसून. अंगणात कुत्रा झोपला होता. मी खिडकीत उभी राहून ताटं धूत होते. इतक्या सुखात मी कित्येक महिन्यांत नव्हते.

आमच्या खिडकीतून शेताची वाट मोठ्या रस्त्याला मिळते ती जागा दिसते. उजवीकडे ओल्डकॅसल आणि सगळ्यांची घरं. डावीकडे फक्त डोंगर. तिकडे कुणी राहत नाही, रस्ता वर जाऊन माथ्यावरच्या पुरातन थडग्यांपाशी संपतो.

बर्नीची गाडी डावीकडे वळली.

चुकली असेल, असं मला वाटलं. तिच्यामागची गाडीही वळली. मग फादरांची. मग पुढची.

"फेलिम," मी म्हटलं, "ही माणसं कुठे चाललीत?"

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी काचेत त्याचा चेहरा बघितला. त्याला नवल वाटलं नव्हतं.

"घरी," तो म्हणाला. "जाऊ दे की. त्यांनाही कळू दे, फिरत राहणं काय असतं ते."

मी ओल्या हातांनी एन्डाला फोन लावला. त्याची व्हॅन रांगेत शेवटी होती. त्यानं लगेच उचलला. तो शीळ घालत होता.

"अगं, गावाच्या वळणावर आलोय," तो म्हणाला. "उजवीकडे वळलो की पोचलोच. तू नीट जेव."

त्याच्या पुढचे सगळे दिवे डोंगर चढत होते, आणि वरच्या टोकाला रांग वाकायला लागली होती. व्हॅन डावीकडे वळली. उजवीकडे वळायचा तिचा दिवा मात्र चालू होता, आणि डोंगरावर दिसेनाशी होईपर्यंत तो लुकलुकत राहिला.